समुद्राच्या नावाचे अकरा नारळ

गेल्या भाद्रपदात मेहकरातल्या एका तीन खोल्यांच्या घरात अकरा नारळ होते आणि त्यांतला एकही फोडायची सोय नव्हती. अकराही नारळांना हळदकुंकू लागलेलं होतं, प्रत्येकाला पाठवणारणीच्या नावाची चिठ्ठी रबरबँडने बांधलेली होती, आणि अकराही समुद्राच्या मालकीचे होते. समुद्र तिथून पाचशेक किलोमीटरवर. त्यामुळे घरात चटणी करायची झाली तर संजीवनीला बाजारातून बारावा नारळ आणावा लागे. तो आणून ओट्यावर ठेवला की बाकीचे अकरा त्याच्याकडे जरा तुच्छतेने बघतात असं तिला वाटायचं.

प्रकरण सुरू झालं नारळी पौर्णिमेला, दुपारी. अपेक्षा, म्हणजे संजीवनीची सहा वर्षांची लेक, नारळीभात खाऊन झोपली होती. ती झोपली की संजीवनीला तासभर मिळे. त्या तासात ती गल्लीतल्या साड्यांना फॉल लावायची. दोरा तुटला म्हणून तिने फोन हातात घेतला आणि त्यात एक पांढरंशुभ्र जहाज आलं. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री, जेवणखाण सगळं धरून, दर माणशी अमुक हजारांपासून. या ‘पासून’वर तिने तेव्हा विचार केला नाही. ‘पासून’पासून ‘पर्यंत’पर्यंत केवढा पल्ला असतो हे तिला पुढे कळायचं होतं.

तिच्या डोक्यात जहाज नव्हतंच. तिच्या डोक्यात होती एक हिरवी पिशवी.

सहा वर्षांपूर्वी तिच्या सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, ती पिशवी भरून दाराशी ठेवली होती. शेजारच्या तानाबाईंच्या भजनी मंडळाची रामेश्वर-कन्याकुमारीची सहल निघायची होती. सत्यभामाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आणि नेमकं त्याच पहाटे, दीड महिना आधी, अपेक्षाने जगात यायचं ठरवलं. गाडी गेली, पिशवी राहिली, आणि सासूबाई चाळीस दिवस शेगडीपाशी बसून मूठभर नातीला आणि तिच्या आईला शेकत राहिल्या. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एकदा बाळाला न्हाऊ घालताना त्या बाळाशी बोलत होत्या ते संजीवनीने ऐकलं. “तू आली म्हून समुद्र थांबला बरं. थांबू दे. तो कुठं पळून चालला?”

तेव्हापासून फॉलचे पैसे साबुदाण्याच्या रिकाम्या डब्यात जात होते.

संजीवनीचा नवरा शेखर एसटीच्या आगारात लिपिक. अर्धं तिकीट, पाव तिकीट, ज्येष्ठांची सवलत, महिलांची सवलत हे सगळं त्याला तोंडपाठ. प्रवास म्हटला की त्याच्या मनात आधी सवलत येते, मग गाव. तिने जहाज दाखवलं तेव्हा त्याने चष्मा वर केला.

“बायायले अर्धं लागते का याच्यात?”

“जहाज हाये ते. लालपरी नाही.”

“असू दे ना. विचाराले काय जाते?”

आणि काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याने उदारपणे स्वतःवरच चालवली. गणपतीनंतर आगारात रजा मिळायची नाही, आणि एका खोलीत चारच माणसं राहतात, तेव्हा आईबाबा, संजीवनी आणि अपेक्षा यांनी जावं. त्याने समुद्र एकदा पाहिला होता, युनियनच्या मोर्च्याला गेला तेव्हा. ओलाच होता, म्हणाला.

जानेफळ रस्त्यावर एक प्रवासाचं दुकान आहे. दुकान कसलं, एक टेबल, एक संगणक, आणि मागे बर्फाच्या डोंगराचा फोटो. तिथे मंजुश्री नावाची तरुण मुलगी बसते. पुण्यात शिकून आलेली, त्यामुळे बोलणं इस्त्री केलेलं. पहिल्या भेटीला सगळं घर गेलं. शेखरने अर्ध्या तिकिटाचं विचारलं. मंजुश्री हसली नाही, हा तिचा मोठेपणा.

“सगळ्यात स्वस्त आतली खोली आहे,” ती म्हणाली. “तिला खिडकी नसते.”

“खिडकी कायले पाह्यजे?” महादेवराव म्हणाले. हे शेखरचे वडील. “झोपाचंच त हाये.”

“झोपाले मेहकर काय वाईट हाये?” सत्यभामाबाई म्हणाल्या.

मंजुश्रीने सांगितलं की खोलीला खिडकी नसली तरी वरच्या मजल्यावर मोकळं आहे, तिथे दिवसभर बसून समुद्र बघता येतो, कोणी उठवत नाही. ‘कोणी उठवत नाही’ हे ऐकून सत्यभामाबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते संजीवनीने लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पाहिलेलं नव्हतं.

मग मंजुश्रीने संगणकावर बोट फिरवलं आणि एक तारीख सापडली. अपेक्षाचं भाडं माफ, चौघांचे मिळून बेचाळीस हजार. इतकं स्वस्त कसं, तर पितृपक्ष होता. पंधरा दिवस कोणी शुभ काम काढत नाही, जहाजं रिकामी जातात.

“पितृपाटात?” महादेवराव दचकले. “लोक काय म्हनतीन?”

“पितरायले काय हरकत असन,” सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या. “त्याईनं तरी कुठं पाह्यला समुद्र?”

डब्यात सेहेचाळीस हजार होते. ते संजीवनीच्या पर्समध्ये होते. म्हणजे त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून, पर्स उघडायची आणि घरी यायचं, एवढंच काम होतं. ही गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण महादेवरावांनी चाळीस वर्षं वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि पालक पिकवून स्वतः बाजारात बसून विकला होता. पहिल्या भावाला त्यांनी आयुष्यात काही घेतलं नव्हतं आणि पहिल्या भावाला घेणाऱ्याचा मनातून कधी आदर केला नव्हता.

“पयला भाव म्हनजे नमस्कार,” ते बाहेर पडताना म्हणाले. “नमस्काराले कोनी पैसे देते का?”

शिवाय निघता निघता मंजुश्रीने, बिचारीने भलेपणानेच, सांगितलं होतं की साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं.

महादेवरावांचं झालं. सत्यभामाबाईंचं होईना. आधार कार्डावर त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. खऱ्या सहासष्टच्या. कार्डावर भरवसा ठेवला तर थोरली मुलगी सुवर्णा झाली तेव्हा त्यांचं वय दहा निघत होतं. गावात कार्डाचं शिबिर आलं होतं त्या दिवशी त्या शेतात होत्या, आणि त्यांच्या वतीने वय महादेवरावांनी सांगितलं होतं. समोरच्याने साधारण पंचावन्न धरू का म्हटलं, आणि सवयीप्रमाणे ते दहाने खाली आले होते. बायकोच्या वयातही त्यांनी घासाघीस केली होती.

“मंग आता वाढवून आनू,” शेखर म्हणाला. वय म्हणजे जणू पासाची मुदत.

वय वाढवायला शाळेचा दाखला लागतो. सत्यभामाबाई चौथीपर्यंत माहेरी, उंद्रीला शिकलेल्या. त्यासाठी एक दिवस ठरला. पण त्याआधी समोरच्या घरातले उकंडराव या प्रकरणात शिरले.

उकंडराव टपालखात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्याचं पत्र न उघडता आतला मजकूर ओळखायची सवय नोकरीत लागली ती लागलीच. संजीवनी ओट्यावर बसून रोज फोनवर काहीतरी बघते एवढ्यावरून त्यांनी जहाजाचा छडा लावला, आणि मग सल्ला दिला.

“सूनबाई, आपल्या फोनवर रोज रोज पाहू नोका. फोन वळखते. याईले गरज हाये असं दिसलं का भाव चढवते. दुसऱ्याच्या फोनवर पाहा.”

हे खरं की खोटं हे अजून मेहकरात ठरलेलं नाही. पण संजीवनीने एकदा तानाबाईंच्या फोनवर पाहिलं. दोनशे रुपये कमी दिसले. मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या दहा घरांच्या दहा फोनांवर जहाज शोधणं सुरू झालं. भाव कुठे शंभराने खाली, कुठे तीनशेने वर. मात्र एक झालं. ज्या ज्या फोनवर जहाज एकदा आलं, तिथून ते जाईना. बायका भजन लावायला गेल्या की आधी जहाज. हवामान बघायला गेल्या की जहाज. पावसाने डोळे वटारलेल्या त्या आठवड्यात अख्खी गल्ली समुद्रावर होती.

“का व सत्यभामा,” तानाबाई एके दिवशी दारातूनच म्हणाल्या, “बोलली नाही तू आमाले.”

“ठरलं नाही ना अजून.”

“ठरन. आमी रामेश्वरले गेलो तवा तुह्या नावाचं मी एक नारळ टाकलं होतं समुद्रात. आता तू माह्या नावाचं टाक.”

आणि त्यांनी पदराआडून नारळ काढला. संध्याकाळपर्यंत दुसरा आला. तिसरा, चौथा. ज्या दहा घरांत जहाज गेलं होतं त्या दहाही घरांतून नारळ आले. ज्यांचे गुडघे गेले होते त्यांचे, ज्यांच्या सुनांना वेळ नव्हता त्यांचे, आणि ज्या आता कुठेच जाणार नव्हत्या त्यांचे. नको म्हणता येईना. सत्यभामाबाईंनी सगळे पुसून, चिठ्ठ्या बांधून, मिक्सरशेजारच्या फळीवर मांडले, आणि मग स्वतः बाजारात जाऊन एक आणला. कानाशी धरून हलवून, पाणी वाजतंय का ते बघून, निवडून. तो अकरावा. त्याची चिठ्ठी त्यांनी अपेक्षाकडून लिहून घेतली. अपेक्षाने लिहिलं, ‘आजी’.

उंद्रीला संजीवनी त्यांच्याबरोबर गेली. शाळेतले गुरुजी सज्जन. त्यांनी जुनं दाखलखारीज पुस्तक काढलं, फुंकर मारली, तासभर शोधलं. सत्यभामा नावाची मुलगी त्या सालात शाळेत नव्हती.

“भामा पाहा,” सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. “सत्यभामा लग्नात झाली. भामा लई लहान पडते म्हने याईच्या घरी.”

भामा सापडली. जन्मतारीख, वडिलांचं नाव, इयत्ता चौथी, ‘कारण : घरकाम’. वय सहासष्टच निघत होतं. गुरुजींना आनंद झाला आणि लगेच ओसरला.

“पण बाई, ही भामा न् तुमी एकच, याचा पुरावा लागन ना. प्रतिज्ञापत्र करून आना.”

पुरावा समोर लोखंडी खुर्चीवर बसला होता आणि शाईच्या त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून होता. “हे मीच हाये,” त्या म्हणाल्या. गुरुजींना नाही, संजीवनीला. “पंचावन्न-छप्पन्न वर्सं इथंच होतो पाह्य.” संजीवनीने फोटो काढला. तो अजून तिच्या फोनमध्ये आहे, जहाजांच्या मधोमध.

प्रतिज्ञापत्रासाठी शुक्रवार गेला. शनिवारी दुसरा शनिवार. रविवारी मंजुश्रीचा फोन आला की बेचाळीसचा दर आज संध्याकाळी सहापर्यंतच आहे, तुम्ही येताय का.

“चाला,” महादेवराव धोतर सारखं करत म्हणाले. “ते दाखला-बिखला राहू द्या. सूट मी घेतो.”

शेखर ड्यूटीवर होता. उरलेलं घर साडेपाचला दुकानात पोचलं. सत्यभामाबाईंनी हिरवी पिशवी उगीचच बरोबर घेतली होती.

महादेवराव खुर्चीत बसले, पाणी प्यायले, बर्फाच्या डोंगराची चौकशी केली आणि मग सहज म्हणाले, “बत्तीस.”

“काका, हे माझ्या हातात नसतं. दर संगणकावर येतो.”

“मंग संगनकाले विचार.”

“काका, तो काय सांगणार? शेवटची एकच खोली राहिली आहे, हे बघा, दाखवतोय.”

यावर महादेवराव प्रेमाने हसले. एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला ओळखावं तसं. “बाई, शेवटची जुडी हाये असं मी चाळीस वर्सं सांगतलं. खाली पोत्यात वीस असत.” आणि ते उठले. “पस्तीस देतो. नाही त चाललो.”

मेहकरच्या बाजारात हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक उठतं, पाठ फिरवतं, चार पावलं जातं. पाचव्या पावलाला मागून हाक येते. कधी सातव्या. दहाव्याच्या पुढे हाक गेल्याचं कोणी पाहिलेलं नाही. आणि या सगळ्यात एक कडक नियम आहे. भाव चालू असताना घरच्या माणसाने मध्ये तोंड उघडायचं नाही. घरचं माणूस बोललं की भाव फुटला. मेहकरातल्या सुना बोलत नाहीत असं कोणी समजू नये, भरपूर बोलतात. पण या वेळी नाही. संजीवनीच्या दातांमागे अख्खं वाक्य तयार होतं. मामाजी, माझे पैसे आहेत, देऊन टाकते. सहा शब्द. सहा वर्षांचे फॉल त्या सहा शब्दांच्या मागे रांगेत उभे होते. तिने सासऱ्यांची बाहेर पडणारी पाठ पाहिली, अपेक्षाचा हात धरला, आणि उठून त्यांच्यामागे चालू लागली.

सत्यभामाबाई उठल्या नाहीत. मांडीवर हिरवी पिशवी घेऊन त्या मंजुश्रीसमोर तशाच बसून राहिल्या. महादेवरावांनी दारातून दोनदा “ऊठ ना व” म्हटलं तेव्हा उठल्या. उठताना संगणकाकडे पाहून म्हणाल्या, “येतो मंग.”

समोर चहाची टपरी आहे. तिथे महादेवराव पाठमोरे उभे राहिले, कारण वळून बघितलं की हार. “आता बलावते पाहा,” ते म्हणाले. चहा आला. चहा संपला. दुसरा आला. सहाला पाच कमी असताना मंजुश्री दुकानाबाहेर आली.

“आली,” महादेवराव न वळता म्हणाले. “म्या काय म्हनलं?”

मंजुश्रीने हात वर केला, शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. मग त्यांच्यापाशी येऊन अतिशय अदबीने म्हणाली, “काका, तुम्ही घेणार नाही म्हणालात ना, म्हणून मी बंद केलं. आज रविवार असून तुमच्यासाठी उघडलं होतं.”

महादेवराव वळले. त्यांच्या हातात चहाचा कागदी पेला होता. तो त्यांनी बराच वेळ नीट धरून ठेवला.

सोमवारी सकाळी साडेदहाला संजीवनी एकटीच गेली, पर्स घेऊन. खोली खरोखरच शेवटची होती आणि ती गेली होती. पुढची तारीख दिवाळीची, एकाहत्तर हजार. मंजुश्रीने तिला पाणी दिलं. “ताई, काल तुम्ही नुसतं डोळ्याने सांगितलं असतं तरी मी केलं असतं,” ती म्हणाली. हे ऐकायला नको होतं.

मग नारळ. संजीवनी पहिल्यांदा तानाबाईंकडे त्यांचा नारळ परत द्यायला गेली. तानाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

“समुद्राले देल्लं न् मी वापस घेऊ? माह्या घरी नोको आनू माय.”

दहा घरांत हेच. दसरा झाला, दिवाळी झाली, नारळ फळीवर. पाहुणे विचारायचे, कसली पूजा आहे. शेवटी कार्तिकात सत्यभामाबाईच म्हणाल्या की पैनगंगेला पाणी आहे तोवर नेऊन सोडू, शेवटी तीही तिकडेच जाते ना.

“तिकडंच,” शेखर म्हणाला आणि त्याने मार्ग सांगितला. पैनगंगेतून वर्धेत बदल, वर्धेतून प्राणहितेत, प्राणहितेतून गोदावरीत, मग थेट समुद्र. तिकीट नाही. कोणी हसलं नाही.

नदीवर एक बाई झेंडूच्या माळा घेऊन बसली होती. महादेवरावांनी माळेचा भाव विचारला. तिने चाळीस सांगितले. महादेवरावांनी चाळीस दिले. ती बाई नोटांकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली, आणि संजीवनीला तिथे पहिल्यांदा रडू आलं. घरातली माणसं एकमेकांशी भांडली असती तर बरं झालं असतं. त्या रविवारपासून घरात त्या दुकानाबद्दल कोणी कोणाला एक शब्द बोललेलं नव्हतं. ज्यांनी बोलायला हवं होतं त्या तर पाण्यात उभ्या राहून, एकेका चिठ्ठीवरचं नाव वाचून, एकेक नारळ सोडत होत्या. पहिला नारळ वीस फूट जाऊन जलपर्णीत अडकला. दुसरा त्याला जाऊन मिळाला. सगळे दहाही तिथेच जमले, गल्लीतल्या बायका ओट्यावर जमतात तसे.

“पूर आला का जातीन,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

अकरावा त्यांनी पिशवीतून काढलाच नाही. अपेक्षाने विचारलं, “आजी, तुझा?”

“माह्या राहू दे.”

तो आता मिक्सरशेजारी एकटा आहे. संजीवनी फॉल लावते, डबा पुन्हा तळापासून भरते आहे. जहाज फोनवर आलं की आता ती भाव बघत नाही, तारीख बघते. महादेवराव तिच्या हातात फोन दिसला की उठून अंगणात जातात. आणि मार्गशीर्षात दर गुरुवारी पूजा झाली की सत्यभामाबाई तो नारळ खाली घेतात, पुसतात, कानाशी धरतात आणि हलवतात. घरात ठेवलेल्या नारळाचं पाणी आतल्या आत आटत जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. संजीवनी पोळी तव्यावर तशीच ठेवून ऐकत उभी राहते. दर वेळी आवाज आधीपेक्षा थोडा बारीक येतो.

सत्यभामाबाई पुन्हा एकदा हलवतात. थांबतात.

“हाये,” त्या म्हणतात. “हाये अजून पानी.”